दोनशे वर्षांचे भिजत घोंगडे

ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात १९८२ साली ग्रेगरी वॉटसन नावाचा दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी शासनव्यवस्थेच्या तासासाठी निबंध लिहायला बसला. विषय त्याने ठरवून टाकला होता. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती तेव्हा गाजत होती. काँग्रेसने ती १९७२ मध्ये मंजूर करून राज्यांकडे पाठवली होती, सोबत सात वर्षांची मुदत घातली होती आणि ती संपत आल्यावर ३० जून १९८२ पर्यंत वाढवूनही दिली होती. तरी लागणाऱ्या ३८ राज्यांपैकी ३५ च्या पुढे आकडा सरकत नव्हता. अशी मुदत वाढवता येते का, यावर वाद चालू होता. वर्गातल्या निबंधाला याहून सोयीचा विषय मिळणे कठीण. (अमेरिकेत काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, तिथल्या संसदेचे ते नाव. प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही तिची दोन सभागृहे.)

संदर्भासाठी वॉटसन गावातल्या सार्वजनिक वाचनालयात गेला. तिथे हाती लागलेल्या एका पुस्तकात, काँग्रेसने मंजूर केलेल्या पण राज्यांकडे अडकून पडलेल्या दुरुस्त्यांवर एक प्रकरण होते. त्यांतली एक होती १७८९ ची. खासदारांचे वेतन बदलणारा कोणताही कायदा, मधे प्रतिनिधिगृहाची एक निवडणूक झाल्याशिवाय अमलात येणार नाही, एवढाच तिचा आशय. वॉटसनने तिचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. राज्यांनी कधीपर्यंत निर्णय द्यावा, हे त्यात कुठेच लिहिले नव्हते.

समान हक्कांचा विषय बाजूला पडला. त्याने नवा निबंध लिहिला. ही दुरुस्ती मेलेली नाही, फक्त पडून आहे. राज्यांनी मनावर घेतले तर ती आजही घटनेत जाऊ शकते, असे त्याचे म्हणणे होते. निबंधाला 'सी' श्रेणी मिळाली. त्याने दाद मागितली. प्राध्यापिकेने श्रेणी कायम ठेवली.

या एका श्रेणीचा पाठपुरावा केला तर अमेरिकेच्या घटनेचे बरेचसे यंत्र आतून पाहता येते.

वाढपी आपलाच

वाढणारा आपला असेल तर पंगतीत कुठेही बसावे, असे आपल्याकडे म्हणतात. वाढणारा आणि जेवणारा एकच असेल तर प्रश्नच मिटला. अमेरिकेच्या घटनाकारांपुढे नेमकी हीच अडचण होती. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात जमलेल्या प्रतिनिधींनी जी घटना लिहिली, तिच्या पहिल्या कलमात खासदारांना सरकारी तिजोरीतून वेतन मिळेल असे म्हटले आहे आणि ते किती हे कायद्याने ठरेल असेही म्हटले आहे. कायदा करणार कोण? तेच खासदार.

घटना राज्यांकडे मंजुरीला गेली तेव्हा अनेकांनी हे बोट दाखवून सांगितले. नागरिकांच्या हक्कांची सनद घटनेत नाही, ही त्याहून मोठी तक्रार होती. म्हणून पहिली काँग्रेस न्यूयॉर्कमध्ये बसल्यावर, ८ जून १७८९ रोजी, व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी दुरुस्त्यांचा प्रस्ताव मांडला. वेतनाची दुरुस्ती त्यात होती. हे लोक अधिकाराचा गैरवापर करतीलच असे मॅडिसन यांना वाटत नव्हते. पण कोणालाही सार्वजनिक तिजोरीत हात घालून आपला खिसा भरण्याची मोकळीक असणे दिसायलाही बरे नाही, असे त्यांचे मत होते. त्यांनी वाढ रोखली नाही, फक्त मधे मतदार उभा केला. वाढ करा, पण ती घेण्याआधी लोकांपुढे जाऊन या.

प्रतिनिधिगृहाने १७ दुरुस्त्या संमत केल्या, सिनेटने त्या छाटून बारावर आणल्या आणि २५ सप्टेंबर १७८९ रोजी त्या राज्यांकडे रवाना झाल्या. यादीत पहिली दुरुस्ती प्रतिनिधिगृहाच्या सदस्यसंख्येविषयी होती, दुसरी वेतनाविषयी. तिसरीपासून बारावीपर्यंतच्या दहा १५ डिसेंबर १७९१ ला मंजूर झाल्या. हक्कांची सनद म्हणून जगभर ओळखल्या जातात त्या याच. भाषणस्वातंत्र्य देणारी 'पहिली दुरुस्ती' अमेरिकन माणूस अभिमानाने सांगतो, ती मूळ यादीत तिसरी होती. वरच्या दोघी नापास झाल्या म्हणून तिचा क्रमांक वर सरकला.

वेतनाच्या दुरुस्तीला तोवर मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना, डेलावेअर, व्हरमाँट आणि व्हर्जिनिया या सहाच राज्यांनी होकार दिला होता. चौदा राज्यांच्या त्या देशात अकरा हवे होते. न्यू जर्सीने बारापैकी अकरा दुरुस्त्या मान्य केल्या आणि नेमकी हीच नाकारली. पुढे देश वाढत गेला तसा लागणारा आकडाही वाढत गेला. घोंगडे भिजतच राहिले.

जे लिहिलेच नाही ते

घटना दुरुस्त कशी करायची हे पाचव्या कलमात आहे. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी प्रस्ताव संमत करायचा, किंवा दोन तृतीयांश राज्यांनी मागणी करून त्यासाठी खास परिषद बोलवायची. मग तीन चतुर्थांश राज्यांनी त्याला अनुसमर्थन द्यायचे. राष्ट्राध्यक्षाची सही लागत नाही. ही अट इतकी कडक आहे की आजवर काँग्रेसमध्ये मांडल्या गेलेल्या ११ हजारांहून अधिक प्रस्तावांपैकी राज्यांपर्यंत पोहोचले ३३ आणि घटनेत गेले २७.

पण पाचवे कलम मुदतीबाबत गप्प आहे. पहिली सव्वाशे वर्षे कोणाला त्याची आठवणही झाली नाही. मग १९१७ मध्ये दारूबंदीच्या अठराव्या दुरुस्तीत काँग्रेसने प्रथमच सात वर्षांची मुदत घातली. दारूची वाहतूक करताना पकडला गेलेला डिलन नावाचा इसम न्यायालयात म्हणाला की अशी मुदत घालण्याचा अधिकारच काँग्रेसला नाही, सबब दुरुस्ती रद्द. १९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत पाठवले. काँग्रेस मुदत घालू शकते, असे सांगताना न्यायालय आणखी एक गोष्ट बोलून गेले. राज्यांची संमती साधारण एकाच काळातली असावी, कारण ती त्या वेळच्या लोकांची इच्छा दाखवते. १७८९ च्या जुन्या दुरुस्त्या अजून विचाराधीन आहेत असे मानणे टिकण्यासारखे नाही.

म्हणजे वॉटसनला 'सी' देणाऱ्यांच्या बाजूने खुद्द सर्वोच्च न्यायालयाचे शब्द होते. हे लक्षात घेतले नाही तर ही गोष्ट हुशार विद्यार्थी आणि मंद शिक्षक अशी सोपी होऊन बसते. ती तशी नाही.

मात्र त्याच न्यायालयाने १९३९ मध्ये वेगळा सूर लावला. बालमजुरीवर कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला देणारी १९२४ ची दुरुस्ती कॅन्ससने आधी नाकारून बारा वर्षांनी स्वीकारली होती. एवढा उशीर चालतो का, या प्रश्नावर न्यायालय म्हणाले की हा राजकीय प्रश्न आहे, त्याचा निवाडा काँग्रेसने करावा. दार पुन्हा किलकिले झाले. वॉटसनच्या निबंधाचा आधार एवढाच होता: जिथे घटनेने मुदत लिहिली नाही आणि काँग्रेसनेही घातली नाही, तिथे ती आपण मनाने घालू नये.

टपाल तिकिटांची चळवळ

श्रेणी बदलली नाही तेव्हा वॉटसनने ठरवले की आता ही दुरुस्ती मंजूर करूनच दाखवायची. पाठीशी ना पक्ष, ना संस्था. होता तो टंकलेखनयंत्राचा आणि टपालाचा खर्च. आपल्या राज्यातल्या विधिमंडळात ही दुरुस्ती मांडू शकेल असा कोणी तुमच्या ओळखीत आहे का, अशी विचारणा करणारी पत्रे त्याने काँग्रेसच्या सदस्यांना पाठवली. बहुतेकांनी दुर्लक्ष केले, काहींनी हे शक्य नसल्याचे कळवले. मेनचे सिनेटर विल्यम कोहेन यांनी मात्र ते पत्र आपल्या राज्यात पुढे पाठवले. पुढे क्लिंटन यांच्या काळात संरक्षणमंत्री झाले ते हेच कोहेन. २७ एप्रिल १९८३ रोजी मेनच्या विधिमंडळाने होकार दिला. पुढच्या वर्षी कोलोरॅडोने दिला. मग वॉटसनने थेट राज्यांच्या विधिमंडळ सदस्यांनाच गाठायला सुरुवात केली. दरम्यान त्याला टेक्सास विधिमंडळात एका सदस्याचा सहायक म्हणून नोकरी लागली, त्यामुळे विधिमंडळाची भाषा आणि वाटा दोन्ही कळू लागल्या. या साऱ्या उद्योगात त्याने पदरचे सुमारे सहा हजार डॉलर घातले.

शोध घेता घेता एक मजेशीर गोष्ट उघड झाली. मधल्या काळातही ही दुरुस्ती कोणाकोणाच्या स्मरणात होती, ती फक्त संतापाच्या वेळी. मार्च १८७३ मध्ये काँग्रेसने आपले वेतन वर्षाला ५,००० वरून ७,५०० डॉलर केले, आणि तेही मागच्या दोन वर्षांपासून. प्रत्येक सदस्याच्या हाती एकरकमी ५,००० डॉलर पडले. लोकांनी त्या कायद्याला 'पगार-लूट' असे नाव दिले आणि वर्ष उलटायच्या आत तो मागे घ्यावा लागला. त्या रागात ओहायोने चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वीची दुरुस्ती शोधून काढून तिला संमती दिली. १९७८ मध्ये वायोमिंगनेही वेतनवाढीचा निषेध म्हणून तेच केले.

वॉटसनने हाच राग हेरला, फक्त तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोहोचवण्याचे काम नियमाने केले. त्यात काँग्रेसने त्याला आयती मदत केली. १९८९ च्या सुरुवातीला खासदारांचे वेतन ८९,५०० वरून १,३५,००० डॉलर करण्याची, म्हणजे एकदम निम्म्याहून जास्त वाढीची, शिफारस आली. रेडिओवरच्या कार्यक्रमांतून गदारोळ उठला आणि लोकांनी बोस्टनच्या जुन्या चहा-बंडाची आठवण म्हणून खासदारांना चहाच्या पुड्या पाठवल्या. फेब्रुवारीत काँग्रेसला ती वाढ नाकारावी लागली. राज्यांचे होकार आता भराभर येऊ लागले. टेक्सासनेही त्याच वर्षी मे महिन्यात होकार दिला.

७ मे १९९२ रोजी मिशिगन अडतिसावे राज्य ठरले. १७८९ मध्ये नकार देणाऱ्या न्यू जर्सीनेही त्याच दिवशी मत बदलले. केंटकीने १७९२ मध्येच संमती देऊन ठेवली होती, हे तर नंतर उघडकीला आले; तेव्हा कोणाच्या हिशेबात ते धरलेच नव्हते.

राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रमुख डॉन विल्सन यांनी १८ मे १९९२ रोजी दुरुस्ती प्रमाणित केली. आम्हाला न विचारता असे कसे केले, म्हणून काँग्रेसच्या काही ज्येष्ठ सदस्यांनी नापसंती दाखवली. पण निवडणुकीचे वर्ष होते, आणि आपलेच वेतन आवरणाऱ्या दुरुस्तीला विरोध करून मतदारांपुढे कोण जाणार? २० मे रोजी प्रतिनिधिगृहाने ४१४ विरुद्ध ३ आणि सिनेटने ९९ विरुद्ध ० मतांनी ती वैध असल्याचे मान्य केले. प्रस्तावापासून मिशिगनच्या होकारापर्यंत २०२ वर्षे, ७ महिने आणि १२ दिवस लागले होते. ती अमेरिकेच्या घटनेची सत्ताविसावी दुरुस्ती झाली. त्यानंतर आजवर एकही झालेली नाही.

मेलेल्यांचे मत

आता खरा प्रश्न. १९९२ च्या मोजणीत अडतीस राज्ये धरली गेली, त्यांतल्या सहांनी मत दिले होते ते पांढरे केसांचे टोप घालणाऱ्या, घोड्यावरून सभागृहात येणाऱ्या माणसांनी. त्यांच्यातले कित्येक गुलामांचे मालक होते आणि एकाही स्त्रीला त्यांना निवडून देण्याचा किंवा पाडण्याचा व्यवहारात हक्क नव्हता. त्यांचे मत आणि मिशिगनच्या जिवंत आमदारांचे मत एका बेरजेत कसे बसते?

गंमत अशी की हा प्रश्न मॅडिसन यांना उद्देशून १७८९ च्या सप्टेंबरातच लिहिला गेला होता. ६ सप्टेंबर १७८९ रोजी, दुरुस्त्या राज्यांकडे जाण्याच्या एकोणीस दिवस आधी, पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून असलेल्या थॉमस जेफरसन यांनी मॅडिसन यांना एक लांबलचक पत्र लिहिले. पृथ्वी जिवंतांची आहे, मेलेल्यांचा तिच्यावर अधिकार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मृत्यूच्या कोष्टकांवरून हिशेब करून त्यांनी एका पिढीचे आयुष्य एकोणीस वर्षे धरले आणि म्हटले की कोणतीही घटना, कोणताही कायदा त्या काळानंतर आपोआप संपला पाहिजे. पुढे चालवला तर ती बळजबरी होईल. मॅडिसन यांनी पुढच्या फेब्रुवारीत सौम्यपणे पण ठाम उत्तर दिले. मागच्या पिढ्या पुढच्यांसाठी कामेही करून ठेवतात, त्यांचे ऋण नाकारता येत नाही. आणि दर वीस वर्षांनी सगळा कारभार हवेत लटकला तर लोकांचा राज्यव्यवस्थेवरचा भरवसाच उडेल. चालू कायद्याला लोकांनी विरोध केला नाही, ही त्यांची मूक संमतीच समजावी.

जेफरसन यांच्या हिशेबाने मॅडिसन यांची दुरुस्ती १८०८ च्या सुमारास कालबाह्य व्हायला हवी होती. ती दहा पिढ्यांनंतर मंजूर झाली. या वादात मॅडिसन जिंकले म्हणायचे, तर त्यांच्या मृत्यूनंतर १५६ वर्षांनी.

जेफरसन यांचा हा विचार आपल्या संविधानसभेतही पोहोचला आहे. १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांचा आधार घेतला. प्रत्येक पिढी हे एक वेगळे राष्ट्र आहे, ती पुढच्या पिढीला बांधून ठेवू शकत नाही, या मताकडे लक्ष वेधून त्यांनी सांगितले की भारताच्या संविधानाने स्वतःवर अंतिमतेचा शिक्का मारलेला नाही आणि त्यात दुरुस्तीची वाट सोपी ठेवली आहे. अमेरिकेत सव्वादोनशेहून अधिक वर्षांत २७ दुरुस्त्या आणि आपल्याकडे २०२३ पर्यंत १०६, हा फरक त्या निवडीतून आला आहे. तरीही एक साम्य उरतेच. आपल्या कलम ३६८ नुसार काही दुरुस्त्यांना किमान निम्म्या राज्यांचे अनुसमर्थन लागते, आणि ते किती दिवसांत मिळावे याबाबत तेही गप्प आहे.

त्याच दारातून

मुदत न लिहिल्यामुळे उघडे राहिलेले दार एका निरुपद्रवी, लोकांना आवडणाऱ्या दुरुस्तीसाठी उपयोगी पडले, म्हणून ते दार चांगले असे म्हणता येत नाही. राज्यांकडे तांत्रिकदृष्ट्या अजून पडून असलेल्या आणखी चार दुरुस्त्या आहेत. एक १७८९ च्या यादीतली पहिली. दुसरी १८१० ची, परकीय राजाकडून पदवी स्वीकारणाऱ्याचे नागरिकत्व काढणारी. तिसरी १९२४ ची, बालमजुरीविषयीची. आणि चौथी २ मार्च १८६१ ची. यादवी युद्ध टाळण्याच्या अखेरच्या धडपडीत काँग्रेसने ती संमत केली. गुलामगिरीत ढवळाढवळ करण्याचा अधिकार काँग्रेसला देणारी कोणतीही दुरुस्ती कधीच करता येऊ नये, असा तिचा अर्थ होता. मंजूर झाली असती तर तेरावा क्रमांक तिला मिळाला असता. चार वर्षे आणि लाखो मृत्यूंनंतर त्याच क्रमांकाची जी दुरुस्ती घटनेत गेली, तिने गुलामगिरी संपवली. पण आधीची कोणी रद्द केलेली नाही. वॉटसनचा युक्तिवाद जसाच्या तसा लावला तर तीही पडूनच आहे, मेलेली नाही.

म्हणून माझे मत असे: वॉटसनने वाक्य बरोबर वाचले, न्यायालयाने १९२१ मध्ये हेतू बरोबर वाचला, आणि दोघांमधला निर्णय शेवटी मतपेटीच्या भीतीने झाला. घटनेतली मौने अशीच भरली जातात. ती कायम विद्वानच भरतात असे नाही.

आणि ज्यासाठी हे सारे झाले, त्याचे काय? दुरुस्ती आल्यावर लगेच ओहायोचे प्रतिनिधी जॉन बेनर यांनी महागाईनुसार आपोआप होणाऱ्या वेतनवाढीला न्यायालयात आव्हान दिले. १९९४ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळले. वाढीचे सूत्र १९८९ च्या कायद्यातच ठरले आहे आणि मधे निवडणूकही होऊन गेली आहे, तेव्हा दरवर्षीची वाढ हा काही नवा कायदा नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. तरीही धाक राहिला. त्या आपोआप वाढीलाही काँग्रेस वर्षानुवर्षे स्वतःच नकार देत आली आणि २००९ पासून सदस्याचे वेतन वर्षाला १,७४,००० डॉलरवर थांबले. २०१३ मध्ये अर्थसंकल्प न करणाऱ्या सभागृहाचे वेतन रोखण्याची टूम निघाली, तेव्हाही ते कापता आले नाही, फक्त काही काळ बाजूला ठेवण्याची तरतूद झाली. वेतन वाढवायला जशी ही दुरुस्ती आड येते, तशी कमी करायलाही येते.

आपल्याकडे कलम १०६ प्रमाणे खासदारांचे वेतन संसदच ठरवते. २०१८ पासून ते दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार आपोआप वाढते. मार्च २०२५ मध्ये ते महिन्याला एक लाखावरून १,२४,००० रुपये झाले, ते १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे मागच्या तारखेने. मधे लोकसभेची एक निवडणूक होऊन गेली होती, पण हा प्रश्न त्या प्रचारात कुठे ऐकू आला नाही.

राहता राहिला तो निबंध. वॉटसनच्या प्राध्यापिकेला अनेक वर्षांनी कळले की आपण 'सी' दिलेल्या विद्यार्थ्याने घटना बदलली. २०१७ मध्ये त्यांनी श्रेणी बदलण्याच्या अर्जावर सही केली आणि विद्यापीठाने ती मान्य केली. पस्तीस वर्षांनी त्या निबंधाला 'ए' मिळाला. घटनादुरुस्तीच्या मानाने ही दुरुस्ती लवकरच झाली.